बाबांच्या पेट-सीटीत दोन्ही बाजूचे नोड हॉट आलेत, तरी डॉक्टर ईबस करा म्हणतायत. का?

घोडबंदरची_लेक

नमस्कार. लांब लिहिणार आहे, आधीच सॉरी, पण डोकं चालत नाहीये. बाबा ६४ वर्षांचे, आम्ही ठाण्यातच राहतो, वागळे इस्टेटला एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली त्यांनी, सिगारेट होती, बारा वर्षांपूर्वी सोडली. शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. १९९६ मध्ये टीबी झाला होता, आई म्हणते कोर्स पूर्ण केला होता.

गणपतीच्या आधीपासून खोकला होता, आम्ही म्हटलं पावसाळा आहे, आमच्याकडे भिंतींना ओल येते त्यामुळे असेल. मग एक दिवस थुंकीत रक्ताची रेघ दिसली. एक्सरे, मग कॉन्ट्रास्टचा सीटी, मग सीटी बघत बघत पाठीतून सुई घालून बायॉप्सी. रिपोर्ट अ‍ॅडेनोकार्सिनोमा. म्हणजे फुफ्फुसाचा कॅन्सर. त्या दिवशी काय झालं ते लिहीत नाही.

आता पेट-सीटी झालाय. त्यात लिहिलंय की उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ४.२ सेंमीची गाठ, एसयूव्ही मॅक्स (पेटवर ती किती उजळ दिसते त्याचा आकडा) ११.४. छातीच्या मधोमध नोड (लिम्फ नोड), ४आर, ४एल, ७ असे नंबर दिलेत, एसयूव्ही ५ ते ६ च्या मध्ये. डाव्या अ‍ॅड्रिनलवर (किडनीच्या वरची ग्रंथी) १.४ सेंमीचा नोड्युल, हलकं अपटेक, म्हणजे तिथेही थोडं उजळ. आणि आतड्यात सगळीकडे अपटेक!! हे वाचून मी रात्रभर जागी आहे, आतड्यातही गेला का?

माझ्या मावसभावाने रिपोर्ट वाचून सांगितलं की दोन्ही बाजूचे नोड म्हणजे स्टेज ३बी, आणि अ‍ॅड्रिनल धरलं तर ४, आता कशाला त्या माणसाला अजून नळ्या घालताय. पण छातीचे डॉक्टर म्हणतात ईबस, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नोडमधला नमुना घेणं, ते करायचं आणि मेंदूचा एमआरआय पण करायचा. पेट डोक्यापासून मांडीपर्यंत झालाय ना, मग एमआरआय परत कशाला? आणि नोड हॉट आहेत हे दिसतंय तर त्यात सुई घालून काय वेगळं कळणार आहे? बाबा काही विचारत नाहीत, फक्त फाइल उशाशी घेऊन झोपतात. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

वाशीचा_टेक्निशियन

ताई, आधी आतड्याचं सांगतो म्हणजे आज तरी झोपाल. मेटफॉर्मिन घेणाऱ्या पेशंटच्या आतड्यात एफडीजी, म्हणजे पेटच्या आधी देतात ते इंजेक्शन, भरपूर जातं, आम्ही हे रोज बघतो, त्या गोळीचाच तो परिणाम आहे. बऱ्याच ठिकाणी म्हणूनच स्कॅनच्या आधी दोन दिवस ती थांबवायला सांगतात, पण ते शुगरच्या डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनाने नाही. सगळीकडे पसरलेलं, आतड्याच्या आकाराचंच अपटेक असेल तर बहुतेक वेळा तेच असतं. एकाच जागी ठळक ठिपका असता तर गोष्ट वेगळी. तरी तुमच्या डॉक्टरांकडून हे वाक्य तोंडाने वदवून घ्या.

मी आधी दहा वर्षं सीटीच्या कन्सोलवर होतो, आता पेटला आहे. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, तो डॉक्टर लिहितात, पण मशीन काय बघतं ते सांगू शकतो. एफडीजी म्हणजे साखरेसारखाच पदार्थ, त्याला फ्लोरिन १८ जोडलेलं असतं, ते साधारण ११० मिनिटांत निम्मं होतं. जी पेशी साखर जास्त खाते तिथे ते साठतं आणि स्क्रीनवर उजळ दिसतं. आता साखर जास्त कोण खातं? कॅन्सर खातो. पण टीबीची गाठ खाते, न्यूमोनियाचा चट्टा खातो, हललेला स्नायू खातो. म्हणून तर इंजेक्शननंतर तासभर शांत बसवतो, बोलू नका, चघळू नका सांगतो, कारण बोललात तर घशाचे स्नायू पेटतात, आणि एसीच्या खोलीत ब्लँकेट देतो कारण थंडीने मानेतली एक प्रकारची चरबी पेटते. लोकांना वाटतं उगाच नियम आहेत. एकदा एक आजोबा तासभर फोनवर बोलत बसले होते, गळा पूर्ण उजळलेला, मग रिपोर्टिंगचे डॉक्टर माझ्याकडेच बघायला लागले.

तर हॉट म्हणजे तिथे साखर खाल्ली जातेय, एवढंच. का खाल्ली जातेय ते मशीनला माहीत नसतं. बाबांना टीबी होऊन गेलाय हे तुम्ही लिहिलंत, ते सेंटरला फॉर्मवर लिहिलं होतं का? नसेल तर रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना आताही कळवा, पुरवणी रिपोर्ट मिळू शकतो.

एमआरआयचं कारण पण तेच. मेंदू दिवसरात्र साखरेवरच चालतो, त्यामुळे पेटवर तो पूर्णच उजळ असतो, त्या उजेडात छोटा डाग लपतो. कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय केला की तो दिसतो. दोन्ही मशीनं वेगळी कामं करतात, एकाचं काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

अजून एक, नोड आणि नोड्युल या शब्दांत घोळ करू नका, घरोघरी होतो. नोड म्हणजे लिम्फ नोड, लसिकाग्रंथी, त्या सगळ्यांनाच असतात, जन्मापासून. नोड्युल म्हणजे छोटी गाठ, ती असायला नको असते. 'नोड आलेत' असं काही नसतं, ते होतेच, सुजलेत का आणि कशाने सुजलेत हा प्रश्न आहे.

कोपरी_पूर्व

माझ्या चुलत्यांच्या बाबतीत सुई लावली आणि मग सगळं पसरलं. मी तर सांगेन सुया लावू नका. एवढंच सांगायचं होतं, काळजी घ्या.

छातीचा_डॉक्टर_नवी_मुंबई

मी चेस्ट फिजिशियन आहे. समोर पेशंट नाही, फिल्म नाही, त्यामुळे बाबांबद्दल निर्णय देत नाही, पण प्रश्न इतका नेमका विचारलाय की उत्तर नीट द्यायला हवं.

आधी कोपरीकरांना. तुमचं दुःख समजतं. पण फुफ्फुसाच्या सुईने कॅन्सर पसरणं फार म्हणजे फारच विरळ आहे, आणि बहुतेक घरांत जे होतं ते असं की आजार आधीच पसरलेला असतो, सुईच्या तारखेला तो कळतो, आणि मग मनात त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात. सुई न लावल्यामुळे चुकीचा उपचार झालेले पेशंट मात्र मी खूप पाहिलेत.

आता स्टेजचं. टी, एन, एम अशी तीन अक्षरं असतात. टी म्हणजे मूळ गाठ, ३ सेंमीपर्यंत टी१, ३ ते ५ टी२, ५ ते ७ टी३, त्याच्या वर टी४ (शेजारच्या अवयवात घुसली असेल तर माप लहान असूनही वर जाते). तुमची ४.२, म्हणजे ४ च्या वर आणि ५ च्या आत, टी२बी. एन म्हणजे लिम्फ नोड. त्याच बाजूच्या फुफ्फुसाच्या मुळाशी असतील तर एन१, त्याच बाजूला छातीच्या मधल्या भागात किंवा श्वासनलिकेच्या फाट्याखाली असतील तर एन२, आणि पलीकडच्या बाजूला किंवा गळ्याच्या हाडाच्या वर असतील तर एन३. बाबांची गाठ उजवीकडे. ४आर म्हणजे उजवा, ७ म्हणजे फाट्याखालचा, ते दोन्ही एन२ मध्ये येतात. ४एल डावा, तो एन३.

आता बघा. समजा हे सगळे नोड खरोखर कॅन्सरचे आहेत, तर टी२बी एन३, स्टेज ३बी. तुमचे भाऊ बरोबर. समजा एकही नाही, सगळे जुन्या टीबीच्या खुणा आहेत, तर टी२बी एन०, स्टेज २ए. गाठ तीच, माणूस तोच. २ए मध्ये सर्जन पुढे येतात, फुफ्फुसाचा तो भाग काढायचा विचार होतो. ३बी मध्ये सहसा ऑपरेशन नाही, किमो आणि रेडिएशन एकत्र आणि मग बऱ्याचदा इम्युनोथेरपी. एवढा मोठा फरक एवढ्याशा नोडवर उभा आहे आणि तो नोड रंगावरून ठरवायचा? मी माझ्या वडिलांच्या बाबतीत नसता ठरवला.

दुसऱ्या देशांतल्या पुस्तकात पेटवर हॉट नोड दिसला की संशय पक्का धरतात, तिथेसुद्धा सुईने खात्री करा असंच म्हणतात, आणि आपल्याकडे तर टीबी घराघरात आहे. ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत तयार होतात त्या पेशींच्या गुठळ्या, हॉट दिसतात. शिवाय कॅन्सरच्या आसपासच्या नोडमध्ये कधी कधी सारकॉइडसारखी प्रतिक्रिया येते, टीबीही नाही आणि कॅन्सरही नाही, तरी हॉट. सीटीच्या रिपोर्टमध्ये नोड 'कॅल्सिफाइड' लिहिलेत का ते बघा, दोन्ही बाजूंना सारखेच, चुना धरलेले नोड असतील तर जुन्या टीबीची शक्यता वाढते. पण शक्यताच. एका नोडमध्ये टीबीची खूण आणि शेजारच्यात कॅन्सर असंही होतं.

ईबस म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला छोटी सोनोग्राफी. तोंडातून श्वासनलिकेत, गुंगी देऊन, आतून भिंतीपलीकडचा नोड बघत बघत सुई टाकतात. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा: आधी पलीकडच्या बाजूचा नोड, मग मधला, मग जवळचा, या क्रमाने घेणार ना? आधी जवळच्या नोडमध्ये सुई घालून तीच सुई पलीकडे नेली तर पेशी सुईबरोबर जाऊन खोटी ३बी तयार होऊ शकते. चांगले लोक हा क्रम पाळतातच, पण विचारलेलं कोणालाही वाईट वाटत नाही. आणि थोडा नमुना टीबीच्या जीनएक्सपर्ट तपासणीला पण पाठवायला सांगा.

अ‍ॅड्रिनलवर घाबरू नका. तिथे साध्या, निरुपद्रवी गाठी खूप लोकांना असतात. प्लेन सीटीवर घनता १० हाउन्सफील्ड युनिट किंवा कमी भरली तर तो चरबीवाला अ‍ॅडेनोमा, विषय मिटला. रेडिओलॉजिस्टला फक्त मोजायला सांगायचंय, नवीन स्कॅनसुद्धा लागणार नाही कदाचित. जास्त भरली तर मात्र सोडायचं नाही, तिथेही खात्री करून घ्यायची, कारण त्या एका ठिपक्यावर स्टेज ४ लिहिली जाऊ शकते.

रक्त पातळ करणारी गोळी, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल काही चालू असेल तर आधी सांगा.

पारसिकच्या_पायथ्याशी

मी कळव्याची. डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ते वाचून हात थरथरतायत कारण आमच्याकडे उलटं झालं होतं.

आई, तेव्हा ५८. आयुष्यात तंबाखू नाही, काही नाही. खोकला आणि बारीक ताप. एका डॉक्टरांनी एक्सरे बघितला, वरच्या बाजूला पॅच आहे म्हणाले, टीबीच असणार, आणि एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू केली. थुंकी तपासायला पाठवलीच नाही. आम्हीही विचारलं नाही कारण आमच्या चाळीत दर दोन घरं सोडून कोणाला ना कोणाला टीबी झालेला, त्यामुळे आम्हाला पण वाटलं की टीबीच. पाच महिने. दर महिन्याला एक्सरे, दर महिन्याला 'आहे तसाच आहे, औषध लागू होतंय, वेळ लागतो'. गोळ्यांनी आईची लघवी लाल, तोंडाला चव नाही, वजन आठ किलो उतरलं, ती म्हणायची मला टीबीने नाही तुमच्या गोळ्यांनी मारताय.

शेवटी माझी नणंद नर्स आहे ती आली आणि म्हणाली आहे तसाच आहे म्हणजे काय, टीबी असेल तर एवढ्यात पॅच कमी व्हायला नको का, सीटी का नाही काढला. सीटीत गाठ दिसली आणि फुफ्फुसाभोवती पाणी. पाणी काढलं, त्यात कॅन्सरच्या पेशी. त्या पाण्यामुळेच स्टेज ४ म्हणाले, कुठे लांब पसरला नसला तरी. एक्सरेमध्ये छातीतलं सगळं एकावर एक पडतं, गळ्याचं हाड, फासळ्या, हृदय, त्यामागे काय आहे ते दिसत नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्या दवाखान्यात बसून राहिले असते सीटी लिहून देईपर्यंत.

बाळा, तुझ्या बाबांच्या नोडना कोणी नुसतं बघून कॅन्सर म्हणू नये आणि नुसतं बघून टीबी पण म्हणू नये. सुई घालू दे. आमच्याकडे पाच महिने गेले ते एका सुईने वाचले असते.

आणि आईचं सांगते, तिच्या पेशींची जीनची तपासणी केली तर ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल निघाला, रोज एक गोळी, आता अडीच वर्षं झाली. यंदा होळीला स्वतः पुरण वाटलं. तुझ्या बाबांचं पण अ‍ॅडेनोच आहे ना, ती तपासणी पाठवली का विचार. सिगारेट ओढली होती म्हणून पाठवायची नाही असं नसतं.

खारघर_सेक्टर_वीस

धावपळीचं मी सांगतो, कारण मी भावासाठी अ‍ॅक्ट्रेक (टाटाचंच खारघरचं सेंटर) आणि परळचं टाटा दोन्हीकडे फेऱ्या मारल्यात.

स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या, प्रत्येक स्कॅनची, सीटीची वेगळी, पेटची वेगळी. फिल्मच्या मोठ्या पाकिटाने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोंनी काम होत नाही, डॉक्टरांना ते कॉम्प्युटरवर वरखाली सरकवून बघावं लागतं, अ‍ॅड्रिनलची ती घनता मोजायची तरी सीडीच लागणार. घरी आल्यावर सीडी उघडते का बघा, आमची एक रिकामी निघाली होती, परत जाऊन लिहून घेतली.

बायॉप्सीच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. तो तुमचाच आहे. दुसरीकडे दाखवायला गेलात की पहिला प्रश्न तोच असतो, ब्लॉक कुठे आहे. जीनच्या तपासण्या त्याच ब्लॉकमधून होतात आणि नमुना छोटा असतो, उगाच चार ठिकाणी कापून संपला तर परत बायॉप्सी करावी लागते. आमच्याकडे ते झालंय.

पैशाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, महात्मा फुले जन आरोग्य योजना ज्या हॉस्पिटलला आहे तिथे आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याशी बोला, उपचार सुरू झाल्यावर नाही, आधी. आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येणार असाल तर कॅन्सर पेशंटला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा. सकाळच्या ऐरोली-रबाळेच्या गर्दीत त्यांना उभं करू नका.

कोपरी_पूर्व

डॉक्टर, वाचलं. चुलत्यांची फाइल काढून बघितली. पहिल्याच सीटीत लिव्हरमध्ये डाग लिहिलेत, बायॉप्सीच्या आधीची तारीख आहे. आम्हाला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. ताई, माझं आधीचं मनावर घेऊ नका.

घोडबंदरची_लेक

सगळ्यांची खूप ऋणी आहे. तीन आठवड्यांनी लिहितेय, मध्ये वेळच मिळाला नाही.

सीटीचा जुना रिपोर्ट परत वाचला, ४एल आणि ७ च्या पुढे 'काही भाग कॅल्सिफाइड' असं खरंच लिहिलं होतं, आम्ही कोणी लक्षच दिलं नव्हतं. टीबीचं फॉर्मवर लिहिलं नव्हतं, ती चूक आमची, कारण त्या दिवशी फॉर्म मी भरला आणि १९९६ म्हणजे मी शाळेत पण जात नव्हते, आईला विचारायचं सुचलं नाही.

अ‍ॅड्रिनल मोजलं, ४ हाउन्सफील्ड. अ‍ॅडेनोमा. एमआरआय स्वच्छ.

ईबस झालं. मी क्रम विचारला, डॉक्टर म्हणाले हो, आधी ४एल, आणि तुम्हाला हे कोणी सांगितलं. बाबा संध्याकाळी घरी आले, घसा दुखत होता, दुसऱ्या दिवशी पेज खाल्ली.

रिपोर्ट असा की ४एल मध्ये ग्रॅन्युलोमा, कॅन्सर नाही. ७ मध्ये पण ग्रॅन्युलोमा, कॅन्सर नाही. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह. पण ४आर मध्ये कॅन्सरच्या पेशी आहेत. म्हणजे एन२, एकाच जागी. स्टेज ३ए सांगितली. वाटलं होतं सगळेच नोड टीबीचे निघतील. तरी ३बी नाही, ४ नाही. सर्जन, किमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवणार आहेत, आधी औषध देऊन मग ऑपरेशनचा विचार आहे, जीनच्या रिपोर्टची वाट बघतोय. मावसभावाला मी सगळं वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी रक्तदानाचं कार्ड घेऊन आला.

एक विचारायचं होतं. औषधानंतर परत पेट करायचाय, तो दुसरीकडे स्वस्तात होतोय, चालेल का?

वाशीचा_टेक्निशियन

शक्यतो त्याच मशीनवर करा ताई. एसयूव्हीचा आकडा मशीनवर, इंजेक्शनपासून किती मिनिटांनी स्कॅन केला त्यावर आणि त्या दिवशीच्या शुगरवर बदलतो. पहिला स्कॅन साठाव्या मिनिटाला झाला आणि दुसरा नव्वदाव्या मिनिटाला, तर आकडा गाठीमुळे बदलला की वेळेमुळे हे सांगता येत नाही. दुसरीकडेच करावा लागला तर जुनी सीडी बरोबर न्या आणि रिपोर्ट आधीच्याशी तुलना करून द्या असं काउंटरवर लिहून द्या. यावेळी फॉर्मवर टीबी आणि मेटफॉर्मिन दोन्ही लिहा, ईबसचा रिपोर्ट पण जोडा, म्हणजे ४एल परत हॉट दिसला तरी बघणाऱ्याला माहीत असेल तो काय आहे. बाबांना लोकरीचे मोजे घालून आणा, आमच्याकडे एसी खूप असतो.

पारसिकच्या_पायथ्याशी

बाळा, जीनचा रिपोर्ट आला की लिही. आणि बाबा आता फाइल उशाशी घेतात का अजून?

घोडबंदरची_लेक

नाही काकू. आता ती माझ्याकडे असते. परवा त्यांनी मागून घेतली आणि ४आर कुठे असतो ते मला छातीवर बोट ठेवून दाखव म्हणाले.